दोन शिंगं

केसाएवढी बारीक रेघ एका दमात बोटभर लांब ओढायची आणि पुसायला रबर म्हणून जवळ ठेवायचं नाही, असा तिचा खाक्या. म्हणून सगळी संस्था तिला रेघाताई म्हणायची. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, तिथेच राहू दे. वाळवलेल्या झाडांची कपाटंच कपाटं असलेल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. तेवीस वर्षं ती तिथे बसून फुलं उघडायची आणि त्यांची चित्रं काढायची. शास्त्रज्ञ लेख लिहायचे, लेखात चित्र हिचं असायचं, आणि हिचं नाव शेवटच्या पानावर, छापखान्याच्या नावाच्या वर. यावर ती काही बोलायची नाही. बोलायचे ते तिचे बाबा.

बाबाही त्याच संस्थेतले. त्यांच्या जागेचं नाव होतं 'संग्राहक-मदतनीस', म्हणजे काम संग्राहकाचं आणि पगार मदतनिसाचा. छत्तीस वर्षं त्यांनी डोंगर तुडवून झाडं आणली. त्यांतली अकरा अगदी नवीन निघाली, पुस्तकात कुठेच नसलेली. अकराही झाडांना साहेबलोकांची नावं लागली. एकाला तर साहेबांच्या सासूचं लागलं, जिने आयुष्यात कुंडीपलीकडे झाड पाहिलं नव्हतं. "सासूला खूश केल्याशिवाय साहेबाला घरात जेवण नाही," असं बाबा हसून सांगायचे. पण ते हसणं घशाच्या वरवरचं असायचं, हे मुलीला कळत होतं.

आता बाबांचं हसणंही बंद झालं होतं. फुप्फुसं गेली होती. दोन खोल्यांच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर ते उशांना टेकून बसलेले, नाकात नळी, आणि पायथ्याशी ते प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र घरघरत असलेलं. डॉक्टरांनी मुलीला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं की महिन्यांत मोजा, वर्षांत नको. दोन भाऊ होते, पण दूर देशी. रविवारी फोन करायचे, "काळजी घ्या" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

बाबा मात्र एका गोष्टीवर तग धरून होते. काचघरातल्या एका कुंडीवर.

झालं होतं असं. निवृत्तीच्या अगदी शेवटच्या फेरीत बाबांना एका कड्याच्या सावलीत आल्याच्या कुळातलं एक बुटकं झाड सापडलं. फुललेलं एकच. आता या कुळाचं दुखणं असं की फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मान टाकतं, आणि कागदात दाबून वाळवावं तर उरतो नुसता तपकिरी डाग. बाबांनी तिथेच गुडघ्यावर बसून भिंगातून फूल पाहिलं. तसल्या झाडांच्या परागकोशाला, म्हणजे पराग भरलेल्या त्या इवल्याशा पिशवीला, बुडाशी दोन बारीक शिंगं असतात. याला नव्हती. बाबांनी दोनदा पाहिलं, वहीत लिहिलं, फूल दाबलं, कंद उपटून कापडात गुंडाळला आणि आणला. संस्थेत पोहोचेपर्यंत फुलाचा डाग झाला होता. मोठे सर भले माणूस, पण ते म्हणाले, "तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे हो, पण जग विश्वासावर चालत नाही. कुंडीत लावू. फूल आलं, उघडून पाहिलं, चित्र निघालं आणि खरंच शिंगं नसली, तर झाड नवीन. आणि या वेळी नाव तुमचं. माझा शब्द."

त्याला सहा वर्षं झाली. दरवर्षी चार पानं यायची, चार महिने मिरवायची आणि वाळून जायची. फुलाचा पत्ता नाही. मधल्या काळात तो कडाच दगडाच्या खाणीत गेला, तेव्हा दुसरं झाड मिळायची आशाही संपली. रोज संध्याकाळी मुलगी घरी आली की चपला काढायच्या आत बाबांचा प्रश्न, "काय म्हणते कुंडी?" आणि तिचं उत्तर, "पानं म्हणते."

त्या वर्षी रेघाताईकडे मोठं काम आलं होतं. विद्यार्थ्यांसाठी भिंतीएवढा तक्ता, डावीकडे केळीचं कुळ, उजवीकडे आल्याचं. दोन्ही कुळं एकाच गोतातली, नात्यातली, पण फुलांची तऱ्हा साफ वेगळी. तीन महिने ती केळफुलं उघडत होती. जांभळी पारी, म्हणजे वरचं जाड आवरण, उचलायची, खाली फुलांच्या दोन ओळी. दांड्याकडच्या फण्या बायांच्या, त्यांचीच केळी होतात. टोकाकडची फुलं बाप्यांची, ती पराग सांडून गळून जातात. पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून एक झगा झालेला, आणि सहावी वेगळी, पारदर्शक, होडीसारखी. आत पाच पुंकेसर. असायला हवेत सहा, पण सहावा नसतोच.

आल्याकडे बाया-बाप्यांची अशी वाटणी नाही, सगळं एकाच फुलात. पण पुंकेसर कामाचा एकच. त्याचे दोन भाऊ एकमेकांना चिकटून मोठा रंगीत ओठ झालेले, लोक ज्याला पाकळी समजून भुलतात तोच. बाकीचे नाहीसे तरी झालेले किंवा चिंधीएवढे उरलेले. आणि त्या एकट्या पुंकेसराच्या परागकोशाच्या दोन फाकांमधून मादीभागाची तार वर जाते, कारण तिला स्वतःच्या बळावर उभंच राहता येत नाही.

हे तिने बाबांना एका संध्याकाळी कच्चं चित्र दाखवून सांगितलं, तेव्हा ते नळीतून श्वास ओढत म्हणाले, "केळीच्या घरात पाच कमावते आणि सहावा बेपत्ता. आल्याच्या घरात कमावता एकच, बाकीचे नटून दारात उभे. वर म्हातारं माणूसही त्याच्याच खांद्यावर."

"मग आपलं घर कुठलं?" तिने विचारलं.

"तुला सांगायला हवं होय?" ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी खरे हसले, मग दहा मिनिटं खोकत राहिले.

केळफुलात आणखी एक भानगड असते ती म्हणजे चीक. कापलं की चीक सुटतो, काळा पडतो, सगळे भाग एकमेकांना चिकटवून टाकतो. म्हणून रेघाताईने टेबलावर गरम पाण्याची किटली आणि वाडगा ठेवला होता. फूल चिमट्यात धरायचं, कढत पाण्यात तीन आकडे बुडवायचं, चीक निघून जातो, मग थंड पाण्यात घालून उघडायचं. केळीचं फूल जाड कातडीचं, त्याला काही होत नाही. तीन महिने, दिवसाला वीस-पंचवीस फुलं. हाताला इतकी सवय झाली की डोकं तिकडे बघेनासं झालं.

आणि एका मंगळवारी सकाळी काचघराचा माळी जिने चढून धापा टाकत आला. दारातच म्हणाला, "ताई, बाबांच्या कुंडीत फूल आलंय. कळ्या तीन होत्या, पानांच्या मुळाशी पाचोळ्यात दडलेल्या, दोन सडल्या. मी तुम्हाला मुद्दाम बोललो नाही, दृष्ट लागायला नको. एक आत्ता, तुम्ही पाणी घालून गेल्यावर उमललं."

ती पळत गेली. कुंडीत पानांच्या मुळाशी, मातीला टेकून, पांढरं फूल होतं, ओठावर पिवळा पट्टा. माळ्याने मोबाईलवर फोटो काढला, त्यात तो पांढरा ओठ आणि माळ्याचा अर्धा अंगठा एवढंच आलं. परागकोश आत, पाकळीच्या टोपीसारख्या टोकाखाली दडलेला. मोठे सर बैठकीसाठी परगावी. तिने फोन लावला. ते म्हणाले, "बाई, दुपारपर्यंत फूल मान टाकेल, माझी वाट बघू नका. आधी बाहेरून काढा, मग उघडा, शिंगं बघा, तीही काढा, आणि तुकडे स्पिरिटमध्ये ठेवा. तुमच्याइतका स्थिर हात या इमारतीत कुणाचा आहे?"

दीड तास तिने बाहेरून चित्र काढलं. असं चित्र तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. पांढऱ्यावर पांढरी छटा, ओठाची मुरड, पिवळ्या पट्ट्यावरची लव. काढताना तिच्या मनात येत होतं की खाली जागा सोडायची, तिथे बाबांचं नाव येईल, लॅटिनमध्ये, प्रत्ययाचं शेपूट लावून. बाबांना आधी वाचताच येणार नाही. मग ती बोट ठेवून अक्षरं लावून दाखवेल.

चित्र झालं. तिने फूल देठाशी कापलं, चिमट्यात धरलं, आणि हाताने ते उचलून किटलीशेजारच्या कढत पाण्यात बुडवलं.

एक, दोन, तीन.

तीन आकडे झाल्यावर तिला कळलं. वेड लागल्यासारखा तिने हात बाहेर ओढला. चिमट्याला काहीतरी लोंबत होतं, ओल्या कागदासारखं, पांढरंही न राहिलेलं. तिने ते काचपट्टीवर ठेवलं, थंड पाणी सोडलं, सुईने सरळ करायला गेली. सुई लागेल तिथे ते फाटत होतं. परागकोश ओळखू आला, पण तो ओठाला चिकटून बसला होता, सोडवताना त्याचा खालचा भाग तुटून सुईला लागला. भिंगाखाली दोन टोकं दिसली. ती शिंगं होती की फाटलेल्या कडा, हे देवालाही सांगता आलं नसतं. तिने आणखी सरळ करायचा प्रयत्न केला, आणि मग सरळ करायलाही काही उरलं नाही. तेवीस वर्षं रबर न वापरणारी बाई ती. काचपट्टी घेऊन बेसिनपाशी गेली, नळ सोडला, आणि तो लगदा वाहून जाताना बघत उभी राहिली.

फोन वाजला. मोठे सर. "काय निघालं?"

आता इथे माणसाने खरं बोलावं, असं तुम्हीआम्ही घरात बसून म्हणणार. तिच्याही तोंडाशी आलं होतं. पण सांगायचं काय? की सहा वर्षं वाट पाहिलेलं फूल, बापाचा शेवटचा श्वास ज्यात अडकलाय ते फूल, मी भाजीसारखं उकडलं? 'शिंगं नाहीत' म्हणावं तर सर चित्र मागणार, तुकडे मागणार. 'नेहमीचंच आहे' म्हटलं की कुणीच काही मागत नाही. नेहमीच्या झाडाचं चित्र कुणाला हवंय?

"दोन शिंगं," ती म्हणाली. "नेहमीचंच आहे, सर."

"अरेरे," ते म्हणाले. "वाईट वाटलं हो. बाबांना जपून सांगा."

त्याच दुपारी तिने मनाशी हिशोब मांडला. झाड एकदा फुललं म्हणजे त्याला आता माती मानवली. पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल. तेव्हा डोळ्यांत तेल घालून उघडीन, आणि म्हणेन की मागच्या वेळी माझी चूक झाली, शिंगं नाहीतच. बाबांना थोडं थांबावं लागेल इतकंच. बाबांकडे पुढचं वर्ष आहे का, हा प्रश्न तिने त्या हिशोबात घेतलाच नाही. बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि काडी किती लांब आहे हे तो मोजत बसत नाही.

संध्याकाळी तिने चपला काढल्या. बाबांनी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. फूल आलं, पाहिलं, दोन शिंगं आहेत.

बाबा म्हणाले, "दोन्ही बाजूंना?"

"हो."

"नीट दिसली?"

"नीट दिसली, बाबा."

"मग माझेच डोळे चुकले," ते म्हणाले. "तू पाहिलंस म्हणजे संपलं. तुझ्या डोळ्यांवर मी काय बोलणार?"

रडले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते, सरांना शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. तसं काहीच झालं नाही. त्यांनी फक्त कपाटावरच्या आपल्या जुन्या वह्या खाली काढायला लावल्या, आणि पुढचे तीन दिवस ती कामावरून आली की ते वह्या चाळत बसलेले असायचे. मधेच एखाद्या पानावर बोट ठेवून म्हणायचे, "हे तरी नीट पाहिलं होतं का मी? इथे लिहिलंय केस आहेत. असतील का?" तिला ते ऐकवत नव्हतं. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची. एकदा ती तिथूनच म्हणाली, "बाबा, एका फुलावरून कशाला सगळं उकरता?" ते म्हणाले, "एका फुलावरूनच कळतं पोरी. शितावरून भाताची परीक्षा."

शनिवारी सुट्टीच्या दिवशी माळी बाबांना भेटायला आला. दोघांची जुनी गट्टी, एकाच कड्यावरून एकत्र घसरलेले. रेघाताई औषधं आणायला गेली होती. परत आली तेव्हा माळी निघाला होता, जिन्यात भेटला. डोळे लाल. "म्हातारा फार मनाला लावून घेतोय ताई," एवढंच बोलला.

सोमवारी ती काचघरात गेली. रोज जायची तशी, कामावर चढण्याआधी, कुंडीला पाणी घालायला. मांडणीवर त्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी रोपांचा ट्रे होता. कुंडी नळाखाली होती, धुतलेली, पालथी घातलेली.

"बाबांनीच सांगितलं," माळी म्हणाला. त्याला वाटलं तिला माहीत आहे. "म्हणाले, सहा वर्षं मी तुझ्या मिनतवाऱ्या करून जागा अडवली, ती कशासाठी, तर रस्त्याकडेला उगवतं त्या झाडासाठी. मला लाज वाटते, म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत नाही तर माझ्या हयातीत तरी रिकामी कर. मी म्हटलं, राहू दे की. ऐकायला तयार नाहीत. शेवटी काल केली."

"कंद कुठे आहे?"

"कंद काय, भट्टीत. कंदकुजीची साथ आल्यापासून टाकलेला कंद जाळायचाच असा नियम आहे ना ताई. तुम्हीच तर ती पाटी रंगवून दिलीत."

ती भट्टीपाशी गेली. राखेत हात घातला. राख गार होती, रविवारचीच. माळी मागे येऊन उभा राहिला आणि काही न समजता म्हणाला, "नेहमीचंच होतं ना, ताई?" तिने राखेतून हात काढला आणि हो म्हटलं.

दिवसभर तिने एकही रेघ ओढली नाही. आज घरी जाऊन सांगायचं, असं तिने ठरवलं. सगळं सांगायचं, किटली, वाडगा, बेसिन, फोन, सगळं. बाबा, तुमचे डोळे चुकले नव्हते, चुकला तो माझा हात. घराच्या वाटेवर चालताना वाक्य तोंडात तयार होतं. दोन रस्ते ओलांडले, आणि तिसऱ्या वळणावर तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आता उच्चारताच येणार नाही. शनिवारपर्यंत ते खरं सांगणं होतं. आज ते सांगितलं, की त्याच्या पोटातून दुसरं निघणार. झाड नवीन असेलही, तुमचं असेलही, जगात ते एकच उरलं होतं, आणि बाबा, ते तुम्ही स्वतःच जाळायला लावलंत. मरायला टेकलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? स्वतःची कातडी वाचवायला बोललेलं खोटं आता बाबांना वाचवायला बोलत राहावं लागणार होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली, लोक वळसा घालून जात राहिले.

घरी पोहोचली तेव्हा अजून उजेड होता. बाबा उशांना टेकून बसले होते. वह्या बाजूला रचून दोरीने बांधलेल्या.

"कुंडी रिकामी केली का त्याने?" त्यांनी विचारलं.

"केली."

"बरं झालं. जीव हलका झाला." श्वास घ्यायला ते थांबले. "तुला सहा वर्षं उगाच पाणी घालायला लावलं. रोज आल्या आल्या तेच तेच विचारून डोकं खाल्लं. मला माफ कर."

"असं काय बोलता, बाबा."

"बोलू दे. नावाचा हव्यास वाईट. नसलेलं दिसायला लागतं, असलेलं दिसत नाही. मी जायच्या आत कळलं हे नशीब, नाहीतर तू माझ्यामागे लोकांना सांगत बसली असतीस, माझ्या बापाने शोधलं म्हणून." ते पुन्हा थांबले. "चित्र काढलं होतंस ना त्याचं?"

"बाहेरून काढलंय."

"दाखव."

पिशवीत होतं. तिने काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. ओठाच्या मुरडीवरून, कागदाला न लावता, बोट फिरवलं. "अगदी असंच होतं," ते म्हणाले. "कड्याखाली बसलो होतो तेव्हा अगदी असंच." मग त्यांचं बोट खालच्या कोऱ्या जागेवर आलं. "इथे नाव का नाही?"

"राहिलं."

"अर्धवट काम ठेवू नये. घाल आत्ता, माझ्यासमोर."

तिने टाक काढला, शाईची बाटली उघडली. पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर पाटी घेऊन, तिने त्या नेहमीच्या झाडाचं नाव लिहिलं. बाबा वाकून बघत होते, एकेक अक्षर पूर्ण होईपर्यंत. त्यांना ती लॅटिन अक्षरं वाचता येत नव्हती, पण ते आपलं नाव नाही एवढं त्यांना कळत होतं.

"शाबास," ते म्हणाले. "जे दिसलं तेच लिहायचं. मी तुला काही शिकवलं असेल तर एवढं एकच."

तिने शाईवर टिपकागद दाबला.